आग दिसते, धग लागत नाही

‘ब्रह्मास्त्र : भाग एक – शिवा’ (२०२२) पुन्हा पाहिला. पाहता पाहता केलेली ही टिपणे.

*

सुरुवातीचा मोहन भार्गवचा प्रसंग अव्वल. शाहरुख खानचा हा शास्त्रज्ञ वानरास्त्र वापरतो तेव्हा झेप त्याची असते आणि त्याच्याभोवती प्रकाशाचा वानर लखलखतो. अस्त्रं जपणाऱ्यांच्या आश्रमाचा पत्ता तोंडून जाऊ नये म्हणून तो जीव देतो. काही मिनिटांतच माणूस कळतो, अस्त्र कळतं आणि त्याची किंमतही.

*

पुढे मात्र सगळं सांगण्यावर येतं. अस्त्रं किती, ब्रह्मास्त्राचे तीन तुकडे कुठे, कुणाकडे कोणती शक्ती – एक पात्र विचारतं, दुसरं समजावतं.

*

नायक शिवा आणि ईशा यांची नजरानजर होते आणि थोड्याच वेळात ती त्याच्याबरोबर वाराणसीला निघते. ती कोण, तिला काय हवं, काय सोडून ती आली? काहीच हाती लागत नाही. आणि शिवाच्या अग्नीला बळ मिळतं ते याच प्रेमातून! पायाच कच्चा, मग शेवटी ज्वाळा कितीही उसळल्या तरी आपण कोरडेच राहतो.

*

दृश्यपरिणाम करणाऱ्यांच्या मेहनतीला दाद द्यायलाच हवी. ७०व्या राष्ट्रीय पुरस्कारांत अ‍ॅनिमेशन आणि व्हीएफएक्सच्या विभागात हा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, ते योग्यच झालं. त्यांच्या कामाला तोलामोलाची पटकथा मिळाली नाही, याचंच वाईट वाटतं.

*

इथे राही अनिल बर्वेंचा ‘तुंबाड’ (२०१८) आठवतो. त्यातल्या हस्तर या देवाला सोनं मिळालं, पण धान्य नाही. तो कायमचा भुकेला. कणकेची बाहुली टाकायची आणि तो ती खाण्यात गुंतला की मुद्रा लाटायच्या. नियम एवढाच. पुढे नायकाचा पोरगा सुचवतो, एकदम पुष्कळ बाहुल्या नेऊ. आणि मग जितक्या बाहुल्या, तितके हस्तर! अंगावर काटा येतो, कारण ही भीती त्याच नियमातून आणि बापलेकांच्या हावेतून आलेली असते. तिथला लालभडक गाभारा डोळ्यांत राहतो तो यामुळेच.

*

अद्भुतात काहीही घडू शकतं, म्हणूनच तिथे काय घडू शकत नाही, हे लेखकाने आधी ठरवावं लागतं.

*

‘ब्रह्मास्त्र’चा दुसरा भाग जाहीर झालेला आहे. निर्मात्यांना कळकळीची विनंती : दृश्यांची आखणी सुरू करण्याआधी पटकथा पुरी करा. ती नुसती वाचूनही छातीत धडधडलं, तरच कॅमेरा लावा.