हस्तरची गोष्ट कुठून आली

सदर, नागपूर

चि. ईशान,


'तुंबाड' सिनेमा पाहून झाल्या झाल्या तू विचारलंस, "मामा, हा हस्तर कोणत्या पुराणातला?" कोणत्याच नाही, बेटा. देवीचा पहिला मुलगा, त्याची सोन्याची हाव, धान्याला हात घातल्यावर बाकीच्या देवांनी केलेला हल्ला, ही सारी कथा सिनेमासाठी रचलेली आहे. नावाशी जुळणारा हस्तुर हा मेंढपाळांचा देव अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या १८९१ च्या कथेत सापडतो, आणि पुढच्या भयकथालेखकांनीही ते नाव वापरलं. पण आपल्याकडे कुणी हस्तरची पूजा केलेली नाही. तरी तुला तो जुना, घरचा वाटला. तसा का वाटला, तेच सांगायला हे पत्र.

या गोष्टीचा एक धागा तुझ्याजवळच आहे. तू राहतोस त्या बॉस्टनहून उत्तरेला गाडीने चारेक तास गेलं की मेन राज्यातलं बँगोर लागतं. ते स्टीफन किंगचं गाव. त्याची 'ग्रामा' नावाची कथा १९८५ च्या 'स्केलेटन क्रू' या संग्रहात आहे. एक मुलगा घरात एकटा, सोबतीला फक्त अंथरुणाला खिळलेली आजी, आणि त्या आजीची त्याला वाटणारी भीती. ही कथा आपल्या नारायण धारपांनी मराठीत 'आजी' म्हणून आणली. धारप पुण्याचे, जन्म १९२५ चा, २००८ मध्ये गेले. शंभरावर पुस्तकं लिहिली. 'लुचाई'सुद्धा किंगच्याच 'सालेम्स लॉट'वरून. काही लोक याला नुसती उचल म्हणतात. मला ते पटत नाही. परक्या देशातली भीती मराठी घराच्या माजघरात आणून बसवायची, आणि वाचणाऱ्याला ती आपल्याच आजोळची वाटायची, याला फार मोठी ताकद लागते. वाचनालयातून आणलेलं धारपांचं पुस्तक मी रात्री वाचायला घेत असे आणि दिवा मालवायचं धाडस होत नसे.

आता आपल्या विदर्भाचा भाग. १९९३ साली राही अनिल बर्वे, पुढे ज्याने 'तुंबाड' केला तो, शाळकरी मुलगा असताना नागझिऱ्याच्या जंगलात आला होता. लेखक अनिल बर्वे यांचा हा मुलगा. नागझिरा तुला आठवत असेल, भंडाऱ्याच्या पुढे साकोलीवरून आत जावं लागतं. व्यंकटेश माडगूळकरांनी ज्याच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं ते हेच. तिथे रात्री एका मित्राने राहीला धारपांची गोष्ट सांगितली आणि तो मुलगा हादरून गेला. विचार कर, काळोख, सभोवती रान, आणि फक्त एक आवाज. पडदा नाही की संगीत नाही. भुताच्या गोष्टीला याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही.

ती भीती त्याने सोडली नाही. १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, 'तुंबाड'चा पहिला खर्डा लिहिला. पुढे सातशे पानांचा चित्रआराखडा काढला. निर्माते आले नि गेले. २०१२ मध्ये चित्रीकरण झालं, पण जुळवून पाहिल्यावर समाधान होईना, म्हणून पुन्हा लिहिणं, पुन्हा चित्रित करणं. २०१५ पर्यंत हे चाललं. तो पाऊस तुला खरा वाटला ना? खऱ्या पावसाळ्यातच टिपलाय तो. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. गाव खरंच आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात. अखेर १२ ऑक्टोबर २०१८ ला सिनेमा लागला, आणि तेव्हा फार थोड्यांनी पाहिला. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लावला, तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई झाली.

मी हे सगळं इतकं मनापासून लिहितोय, कारण भीतीचे सिनेमे माझ्या जिवाचे आहेत, हे तुला ठाऊकच आहे. सदरमध्ये वाढलो, लिबर्टी आणि स्मृती या दोन्ही टॉकीज घराजवळ. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' १९८४ चा, 'वीराना' १९८८ चा. नंतर घरातल्या टीव्हीवर 'झी हॉरर शो' आणि 'आहट' आले, पार २०१६ च्या 'रात्रीस खेळ चाले'पर्यंत मी काही सोडलं नाही. यातलं बरंच दचकवतं आणि विसरायला होतं. राजा परांजप्यांचा 'पाठलाग' मात्र १९६४ चा असून आजही जागेवरून उठू देत नाही, त्यात भूत नसतानाही.

'तुंबाड' माझ्या लेखी या सगळ्यांच्या वर आहे, आणि त्याचं कारण ती म्हातारी. एरवी आजी नातवाला बागुलबुवाचं नाव सांगून झोपवते. इथे पोरगा हस्तरचं नाव घेऊन आजीला झोपवतो. एवढ्या एका उलट्या रीतीने पोटात गोळा येतो. मग कणकेची बाहुली, हस्तरच्या लंगोटातली नाणी, आणि बापाने मुलाला शिकवलेली हाव. देव रचलेला असला तरी ती हाव आपल्या ओळखीची आहे, म्हणूनच हस्तर तुला जुना वाटला.

आता माझं एक काम कर. तिथल्या लायब्ररीत 'स्केलेटन क्रू' मिळेल, त्यातली 'ग्रामा' वाच. धारपांचं पुस्तक मी तुझ्या आईबरोबर पाठवतो. मराठी वाचायला जड गेलं तर फोन कर, मी वाचून दाखवीन, मात्र तुझ्याकडे रात्र असताना.

तुझा,
मामा