चाळीस फुटांच्या आधी

सांगलीच्या गावभागातून हरिपूरला जाणारा रस्ता जेमतेम तीन-चार किलोमीटरांचा आहे. वाहनाने तो दहा मिनिटांत संपतो. पायी जाणाऱ्यास, त्यातही सोबतीला कुत्रा असल्यास, सकाळचे दोन तास सहज पुरतात. मी 2012 साली शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो. भूगोल शिकविताना मुलांना नाईलपासून अ‍ॅमेझॉनपर्यंत साऱ्या नद्या फळ्यावर काढून दाखविल्या होत्या. घराजवळून वाहणारी कृष्णा मात्र निवृत्तीनंतरच नीट पाहिली. ती पाहण्याची सवय लावली ती टिप्याने. निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी तो पिल्लू म्हणून घरी आला आणि पहाटे साडेपाचला मला उठविण्याचे काम त्याने आपण होऊन पत्करले.

या रस्त्याने जाताना प्रथम बागेतला गणपती लागतो. तेथे टिप्या दोन मिनिटे थांबतो, कारण पूर्वी कधीतरी कोणी त्यास तेथे बिस्कीट दिले होते. पुढे जुन्या झाडांची सावली, उजवीकडे झाडीतून मधूनच दिसणारे नदीचे पात्र, आणि मग हरिपूर. संगमेश्वराच्या देवळाजवळ वारणा कृष्णेस मिळते. वारणा ही सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची सीमा. त्यामुळे घाटावर बसलेल्या माणसास समोर दुसरा जिल्हा दिसतो. इतक्या स्वस्तात परमुलुखाचे दर्शन अन्यत्र क्वचितच घडत असेल! हिवाळ्यात काठावरच्या मळीवर एखादी मगर ऊन खात पडलेली असते. म्हणून घाटावर टिप्याचा पट्टा मी मनगटास गुंडाळून ठेवतो.

हरिपूर हे नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे गाव. ‘संगीत शारदा’ हे नाटक त्यांनी येथल्या पारावर बसून लिहिले, असे गावकरी अभिमानाने सांगतात. म्हातारपणी बोहल्यावर चढू पाहणाऱ्यांची फजिती ज्या नाटकात आहे, त्याच्या गावी आम्ही सात-आठ म्हातारे रोज जमतो, याची आम्हांस गंमत वाटते. हरिपूरची दुसरी प्रसिद्धी हळदीच्या पेवांची. येथल्या जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे न किडता राहत असे. 2005 च्या महापुरात पाणी शिरले आणि बरीच पेवे निकामी झाली.

पावसाळ्यात मात्र आमची वाट बदलते. त्या चार महिन्यांत आम्ही आयर्विन पुलाकडे जातो. 1929 साली वाहतुकीस खुला झालेला हा पूल सांगलीकरांच्या दृष्टीने नदीची फूटपट्टी आहे. तेथे पाणी 40 फुटांवर आले की इशारा, 45 फुटांवर आले की धोका, हे येथले शाळकरी मूलही सांगेल. रोजची पातळी वहीत लिहिणे हा माझा छंद. तारीख, आयर्विन पुलाची पातळी, कोयना धरणातून सोडलेले पाणी आणि शेरा असे वहीत चार रकाने आहेत. सौ.ने त्यात पाचवा रकाना आखून घेतला आहे. त्यात तिच्या कुंड्यांतील पहिला मोगरा, शेजारी दिलेली तुळशीची रोपे, पावसाने कुजलेली शेवंती यांच्या नोंदी असतात.

ऑगस्ट 2019 ची पाने या वहीत आहेत. त्या आठवड्यात मी एकही नोंद चुकविली नव्हती. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेस मिळते आणि तेथून सांगलीत पोहोचण्यास त्यास वेळ लागतो. म्हणजे उद्या काय होणार, हे आज कळू शकते. मी हे मुलांना शिकविलेही असते. पण 2005 चा पूर पाहिलेला माणूस म्हणून मला खात्री होती की, तेव्हा पाणी ज्या पायरीवर थांबले तिच्या वर ते येणार नाही. शेऱ्याच्या रकान्यात मी तसे लिहूनही ठेवले आहे. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेले.

आम्ही सामान वरच्या मजल्यावर नेले. तिसऱ्या दिवशी गल्लीत बोट आली तेव्हा जिन्याच्या निम्म्या पायऱ्या बुडाल्या होत्या. बोटीत माणसांनाच जागा अपुरी होती. शेजारची बाळंतीण होती, दोन वृद्ध होते. कुत्र्यास घेता येणार नाही, असे बोटवाल्याने सांगितले, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही. सौ. उतरण्यास तयार नव्हती. मीच तिला रागे भरून बोटीत बसविले. टिप्यास गच्चीवर मोकळे सोडले, भाकऱ्यांची चवड आणि पाण्याची बादली ठेवली. तो भुंकला नाही. कठड्यावर पुढचे पाय टेकून बोट वळेपर्यंत आमच्याकडे पाहत राहिला.

सहाव्या दिवशी गुडघाभर चिखलातून घरी परतलो. टिप्या जिवंत होता. त्याने माझा हात हुंगला, सौ.च्या पायांशी क्षणभर उभा राहिला आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन निजला. पुढे कित्येक महिने मी चपला पायांत घातल्या की तो उंबऱ्याशी आडवा बसे.

त्या दिवसांत वही पुन्हा वाचली. 35 फुटांची नोंद होती त्या सकाळी आमची गल्ली कोरडी होती. साध्या रिक्षाने आम्ही तिघेही निघू शकलो असतो. आकडे मी चोख लिहिले होते. ते आपल्याला काय सांगत आहेत, हे मात्र स्वतःस विचारले नव्हते.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. पाणी 35 फुटांवर असेल, चढत असेल आणि कोयनेचा विसर्ग वाढला असेल, तर त्याच दिवशी घर सोडायचे. टिप्याचा पट्टा, त्याची थाळी, लसीकरणाचे कार्ड आणि आमची औषधे एका पिशवीत ज्येष्ठापासूनच भरून ठेवलेली असतात. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा 50 फुटांच्या वर गेले, तेव्हा आम्ही विश्रामबागेत भाच्याकडे होतो आणि टिप्या त्याच्या गॅलरीत निजला होता. एका वर्षी मात्र आम्ही निघालो आणि पाणी वाटेतच थांबून उतरले. गल्लीतील मंडळी हसली. त्या दिवशीच्या शेऱ्यात सौ.ने लिहिले आहे, ‘फुकट गेलो. टिप्या खूश.’

निवृत्त माणसास कोठेही वेळेवर पोहोचावे लागत नाही. म्हणूनच त्याला वेळेआधी निघता येते, हे मला उशिरा उमगले. जीवदयेवर मी पूर्वी अनेकदा बोललो आहे. ज्याला बोलून हाक मारता येत नाही, त्याच्यासाठी चार दिवस आधी रिक्षा बोलवावी, एवढे साधे कलम त्यात राहून गेले होते.

टिप्या आता बारा वर्षांचा आहे. त्याचे मागचे पाय आखडतात. हरिपूरपर्यंत चालणे होत नाही. आमच्याकडे जेवण दिवस मावळण्यापूर्वी उरकते. त्यानंतर आम्ही तिघे बागेतल्या गणपतीपर्यंत जाऊन परत येतो. रविवारी ओळखीच्या रिक्षाने संगमावर जातो आणि तो घाटाच्या वरच्या पायरीवर माझ्या पायांशी बसतो.

आपण कधी सांगलीस आलात, तर माघ-फाल्गुनात हरिपूरची वाट जरूर चाला. पाणी तेव्हा निवळ असते आणि वारणेचा प्रवाह कोठे मिसळतो ते स्पष्ट दिसते. मी चपला घालताना टिप्या आता उंबऱ्यात आडवा बसत नाही. पिशवी उचलली, तर मात्र माझ्याआधी रिक्षापाशी जाऊन उभा राहतो.