तोंडीचे वीस गुण

दहावीच्या उत्तरपत्रिकेवर बारकोडचं स्टिकर चिकटलं की मुलाचं नाव तिथंच संपतं. पेपर तपासणाऱ्याला आडनाव कळत नाही, शाळा कळत नाही, बाप रिक्षा चालवतो की कारखाना, तेही कळत नाही. आपल्या शिक्षणपद्धतीला नावं ठेवायला बसलं तर दिवस पुरायचा नाही, आणि मीही ती ठेवणारच आहे. पण त्या स्टिकरबद्दल मला मनापासून आदर आहे.

पुण्यात विश्रांतवाडीला राहिलं की हा आदर आपोआप येतो. इथं आळंदी रस्त्याला सामाजिक न्याय भवन आहे, समाजकल्याण खात्याची वसतिगृहं आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली पोरं संध्याकाळी चहाच्या टपरीवर उभी असतात. यादी लागली का, स्वाधारचे पैसे जमा झाले का, हे त्यांचे कायमचे विषय. वसतिगृहातली खाट गुणवत्ता यादीवर मिळते. दशांश चिन्हानंतरचा आकडा आपल्या लेखी क्षुल्लक. या पोरांच्या लेखी पुण्यात राहायचं की गावी परतायचं, हे त्यावर ठरतं. खाट हुकली त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये. पुण्यात कॉटबेसिसवर राहून, मेसचा डबा लावून त्या पैशात वर्ष काढायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं हिशेब करून पाहावं.

तरीही ही पोरं इथवर आली ती कुणाच्या चिठ्ठीवर नाही. ना ओळख, ना शहरी बोलणं, ना इंग्रजी. होता तो एक बैठक क्रमांक. म्हणूनच ‘परीक्षाच रद्द करा, मुलांची सर्जनशीलता मरते’ असं कुणी म्हणालं की मी सावध होतो. असं म्हणणारे बहुधा धानोरीकडच्या उंच सोसायट्यांमधले असतात. परीक्षा गेली तरी त्यांच्या मुलांना आत जायला आणखी चार दारं असतात. टपरीवरच्या पोरांना हे एकच.

आता दुसरी बाजू. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये तो ७७.१० वर घसरला. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं मठ्ठ झाली नव्हती. अभ्यासक्रम नवा होता हे खरं. पण मुख्य म्हणजे भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे, तोंडी आणि अंतर्गत परीक्षेचे, शाळेच्या हातात असलेले वीस गुण मंडळानं काढून घेतले होते. लगेच ओरड झाली. अकरावीच्या प्रवेशात सीबीएसईची मुलं पुढे निघून जातील, आपल्यांचं काय? आमच्याकडे ही भीती एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहते, कारण दोन्ही बोर्डांची मुलं एकाच गल्लीत क्रिकेट खेळतात. पुढच्या वर्षी वीस गुण परत आले आणि निकाल थेट ९५.३० टक्क्यांवर गेला. २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनीच मूल्यमापन केलं. निकाल ९९.९५ टक्के.

हे आकडे पाहून लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तोंडी परीक्षा म्हणजे खरं तर शिक्षणातला सगळ्यात मोलाचा प्रसंग. शिक्षक समोर, विद्यार्थी समोर. ‘वाचून दाखव’, ‘तुला काय वाटलं सांग’. वर्षभर त्या मुलाला पाहिलेल्या माणसानं त्याच्याबद्दल काहीतरी खरं सांगावं, एवढीच अपेक्षा. त्याची आपण खिरापत करून टाकली. त्यात शिक्षकांचा दोष मला फारसा दिसत नाही. शेजारची शाळा वीसपैकी एकोणीस देत असताना एखाद्या बाईंनी प्रामाणिकपणे अकरा दिले, तर शिक्षा त्या मुलालाच. खरं बोलण्याची किंमत दुसऱ्यानं मोजायची असेल तर भला माणूस गप्पच बसतो.

म्हणजे आपल्या व्यवस्थेचा विश्वास फक्त अनोळखी माणसावर आहे. न्यायनिवाड्यासाठी ते ठीक; जातीपातीच्या, वशिल्याच्या या समाजात तर ते फारच मोठं काम आहे. पण अनोळखी माणूस गुण देऊ शकतो, शिकवू शकत नाही. शिकवायला ओळख लागते. ओळखीचा माणूस म्हटला की आपल्याला पक्षपाताचीच शंका येते, आणि ती बहुतेक वेळा रास्तच असते. या पेचातून आपण सोयीची वाट काढली. शाळा हजेरीपुरती, शिकणं क्लासमध्ये. अकरावी-बारावीला तर नाव कॉलेजात आणि मूल क्लासात. विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी लावण्याचा आदेश सरकारला २०१८ मध्ये काढावा लागला, यातच सगळं आलं.

खरोखर येतं का, एवढंच पाहणारी परीक्षाही असते. आमच्या इथं फुलेनगरला आरटीओचं आवार आहे. तिथं लायसन्ससाठी गाडी खरोखर चालवून दाखवावी लागते. ‘क्लच म्हणजे काय’ यावर पाच गुणांची टीप लिहून भागत नाही. वाचनाची अशी चाचणी देशात २००५ पासून ‘असर’ हे सर्वेक्षण घेत आलं आहे, ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानं. गावात घरोघरी जायचं, मुलाच्या हातात दुसरीचा उतारा द्यायचा आणि वाच म्हणायचं. ना स्टिकर, ना अपेक्षित प्रश्नसंच. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातली पाचवीची जेमतेम निम्मी मुलं तो उतारा वाचू शकली. कोविडनंतर २०२२ मध्ये ४२.८ टक्के. ही सगळी मुलं पटावर होती आणि वरच्या वर्गात जात होती.

ती पटावर होती, हेही कमी नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला १८८२ मध्ये सांगितलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं तशाच मागणीचं विधेयक १९१२ मध्ये फेटाळलं गेलं. शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. फुल्यांच्या निवेदनापासून सव्वाशे वर्षांहून अधिक काळ! खिचडी, फुकट पुस्तकं, वसतिगृहाची खाट यांना नाक मुरडणाऱ्यानं हा हिशेब एकदा मांडावा.

नापास होणाऱ्याचीही आपण बरी सोय केली. आमच्या वेळी दहावी गेली की ‘ऑक्टोबरला बसायचं’. तोवर कॉलेजं सुरू होऊन महिने उलटलेले, वर्ष वाया. २०१५ पासून फेरपरीक्षा सहसा जुलैच्या सुमारास होते, पास झालेलं मूल त्याच वर्षी अकरावीला जाऊ शकतं. कुणीतरी खात्यात बसून मुलाच्या बाजूनं विचार केला, असा हा दुर्मीळ निर्णय. मात्र त्यासाठी आधी नापास व्हावं लागतं. बासष्ट टक्के मिळवून सुटलेल्या, पण बँकेचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घेणाऱ्या मुलासाठी जुलै नाही. त्याच्या गुणपत्रिकेत तोंडीच्या रकान्यात वीसपैकी अठरा लिहिलेले आहेत.