मासे साफ करून घ्यावेत

पाककृतीचं कुठलंही जुनं मराठी पुस्तक घ्या आणि त्यातलं माशांचं प्रकरण उघडा. पहिलं वाक्य थोड्याफार फरकानं तेच असतं: मासे साफ करून, तुकडे करून, स्वच्छ धुऊन घ्यावेत. पुढच्या ओळीला लगेच मीठ, हळद, आमसुलं. त्या एका वाक्यात पाऊण तासाचं काम, राखेनं माखलेली बोटं, दारात घुटमळणारं मांजर आणि ‘काटे कागदात बांधून खाली नेऊन टाक, मोरीत नको’ हा हुकूम, एवढं सगळं बसलेलं असे. पुस्तक त्यावर एक शब्द जास्त खर्च करत नसे. करायचं कारणच नव्हतं. पुस्तक वाचणारीला मासा साफ करता येतो हे गृहीत होतं, ती पुस्तकाकडे यायची ती वाटणासाठी.

आमच्या गिरगावातल्या चाळीत असं एक पुस्तक शेजारच्या पाठारे प्रभू काकूंकडे होतं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’. पहिली आवृत्ती 1910 सालची. काकूंकडची नंतरची असावी, पण पुठ्ठा गेलेला आणि पानं हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली. त्यातली मापं शेर-तोळ्यांतली. किलो-ग्रॅम देशात 1958 पासून यायला लागले आणि पुढच्या काही वर्षांत सक्तीचे झाले, पण काकूंच्या स्वयंपाकघरात ते बरीच वर्षं पोचले नव्हते. तोळा म्हणजे साधारण पावणेबारा ग्रॅम, शेर म्हणजे ऐंशी तोळे. हे गणित मी पुढे शाळेत शिकले. काकू मात्र तोळाभर धणे चिमटीनं उचलत आणि ते तोळाभरच असत यावर चाळीत कुणी शंका घेतली नाही.

आमच्या घरी पुस्तक नव्हतं. आई मालवणकडची, तिला माशांसाठी पुस्तक लागतं हेच हास्यास्पद वाटे. बांगड्याचं तिखलं, पेडव्यांचं सुकं, मोरी माशाचं मटणासारखं कालवण, हे तिच्या हातात होतं. तिला पुस्तक हवं असे ते दुसऱ्यांच्या माशांसाठी. रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला जिन्यात उभं राहिलं की वासावरून घरं ओळखू यायची. काकूंकडून गहू आणि चण्याची डाळ घातलेल्या त्यांच्या सांबार मसाल्याचा, वरच्या मजल्यावरच्या कायस्थांकडून सोड्याच्या खिचडीचा, आमच्याकडून तिरफळांचा. एकमेकींना वाटीभर पोचवायची पद्धत होती, कृती सांगायची मात्र नव्हती. म्हणजे विचारलं की सांगत, हसतमुखानं सांगत, पण एखादा जिन्नस हटकून गाळत. आईनं काकूंचं कोळंबीचं भुजणं त्यांना विचारून केलं तेव्हा ते जमेना, काकूंचंच पुस्तक दुपारी मागून आणून केलं तेव्हा जमलं. छापलेल्या पुस्तकाचा हा मोठा उपकार आहे. एका जातीच्या चुलीवरचा मासा दुसऱ्या जातीच्या चुलीवर कुणाचीही मिनतवारी न करता जाऊन बसला. सारस्वत महिला समाजानं काढलेली ‘रसचंद्रिका’ किंवा 1970 साली आलेली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ घेऊन किती मुली सासरी गेल्या ते मोजता येणार नाही. ‘रुचिरा’नं वाटी-चमच्याचं माप घराघरांत रुजवलं आणि ‘अंदाजानं’ या शब्दाचा दरारा कमी केला.

पण हे सगळं झालं मासा घरात आल्यानंतरचं. पहिलं प्रकरण पुस्तकात नव्हतंच, ते कोळीण मावशीच्या रूपानं दारात येऊन बसायचं. डोक्यावरची पाटी उतरवायला आधी हात मागायचा, मग पाणी, मग भाव सांगायचा. ‘घे गो बाय, आजचाच हाय.’ आई पापलेटाच्या कल्ल्याजवळ अंगठ्यानं दाबून बघे. पांढरं पाणी आलं तर ताजं, तांबूस आलं तर बर्फात राहिलेलं. बांगड्याचा डोळा बघायचा, सुरमईच्या तुकड्यात बोट रुतून राहतं का ते बघायचं. भावावरून दहा मिनिटं घासाघीस व्हायची आणि त्यात एकमेकींच्या मुलाबाळांची चौकशीही होऊन जायची. शेवटी मावशीच सांगायची, ‘पापलेट आज नको, हलवा घे, मांदेली घे वाटाभर.’ तिचं ऐकलं जायचं, कारण तिला उद्याही त्याच जिन्यानं यायचं होतं.

म्हणजे क्रम असा होता: आधी मासा, मग कृती. पाटीत काय आहे त्यावर जेवणात काय ते ठरे. उधाणाच्या दिवसांत एक, भांगाच्या दिवसांत दुसरं, पावसाळ्यात बोटी बंद म्हणून सुकट, वाकट्या नाहीतर वांग्यात सुके बोंबील. श्रावणात काहीच नाही. पुस्तक उघडलं जायचं ते मासा ओट्यावर आल्यावर, आणि त्यातही ‘पापलेटऐवजी हलवा चालेल का’ याचं उत्तर पुस्तकात नसे, आईकडे असे.

आता क्रम उलटा झालाय. आधी व्हिडिओ, मग मासा. शनिवारी रात्री फोनवर कुणीतरी केळीच्या पानातलं भरलेलं पापलेट करताना दिसतं आणि रविवारी सकाळी तेच हवं असतं, मग पाऊस असो, भाव काहीही असो. पाककृतींना पापलेट, सुरमई आणि कोळंबी यांपलीकडे फारसं काही दिसत नाही. कारण उघड आहे. फोटोत ती सुंदर दिसतात आणि काटे कमी. मुडदुश्या, पेडवे, तारल्या, कर्ली यांचं कोण कौतुक करणार? कर्लीचे काटे जिभेनं वेगळे करायचे असतात. ते कुठल्याच पुस्तकानं कधी शिकवलं नाही, आजीच्या पानात बसून शिकावं लागतं. पापलेटाला 2023 साली महाराष्ट्राचा राज्यमासा केलं. मान मिळाला तो योग्यच, पण त्याच सुमाराला 135 मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडू नये असाही नियम करावा लागला. पकडीत येणारं पापलेट लहान लहान होत गेलं म्हणूनच. आमच्याकडे भरलं पापलेट म्हणजे बशीबाहेर शेपूट जाणारं असे, आत हिरवी चटणी भरून, दोऱ्यानं गुंडाळून तळलेलं. तेवढं पापलेट आज बाजारात मिळतं, नाही असं नाही, पण किलोचा भाव हजाराच्या वर ऐकला की माणूस आपोआप बांगड्याकडे वळतो. वळावंच, असं माझं मत आहे. बांगडा हा पापलेटापेक्षा चवीचा मासा आहे आणि हे मी मालवणकडची म्हणून बोलत नाही. बरं, थोडं म्हणूनही बोलते.

बांगड्यावरून तिरफळ आलंच. तिरफळ बांगड्याला, तारलीला, म्हणजे तेल असलेल्या माशाला. पापलेटाला घातलं तर पापलेट नाहीसंच होतं. तिरफळं वाटायची नाहीत, बी काढून टाकायची आणि सालं पाण्यात जराशी ठेचून रस्सा उकळताना सोडायची. आमसुलं शेवटी. आणि मासे पडले की डाव घालायचा नाही, भांडं दोन्ही बाजूंनी फडक्यानं धरून गोल हलवायचं. जुन्या पुस्तकांत हे शेवटचं वाक्य बहुधा असतं, ‘ढवळू नये’ एवढंच. नवीन व्हिडिओत बाई डावानं ढवळते आणि मग तुकडा मोडला की कॅमेरा दुसरीकडे वळतो.

सगळ्यांत जास्त फरक पडला तो ओल्या बोंबलांत. बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. आई ते मधोमध चिरून, काटा काढून, उघडून पाटावर ओळीनं मांडायची. मीठ लावायची. वर दुसरा पाट आणि त्यावर वरवंटा. पाट जरा तिरका करून ठेवायची, म्हणजे पाणी मोरीच्या दिशेनं निथळून जाई. दुपारी एकपर्यंत ते कागदासारखे चपटे व्हायचे. मग हळद, तिखट, आमसुलाचं आगळ, आणि तव्यावर टाकायच्या क्षणी तांदळाचं पीठ-रवा. आधी पीठ लावून ठेवलं की पाणी सुटून त्याचा चिखल होतो. हे दडपणं कुठल्याही जुन्या पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असे, ‘बोंबील दडपून घ्यावेत’. ती ओळ वाचून नवशिकीला काहीच कळलं नसतं. आता उलट झालंय. एका पंधरा मिनिटांच्या व्हिडिओत हे पाट-वरवंट्याचं काम किचन टॉवेल आणि जड कढई घेऊन इतकं नीट दाखवलेलं मी पाहिलं की मनात म्हटलं, हे आईला दाखवायला हवं होतं. जुन्याचं गुणगान करताना हे कबूल करायलाच हवं: जुनी पुस्तकं ज्यांना येतं त्यांच्यासाठी होती. ज्याला येत नाही त्याच्याशी ती बोलतच नव्हती.

वाटणाबद्दल मात्र मी तडजोड करायला तयार नाही. पाट्यावर ओलं खोबरं, धणे, मिरच्या वाटताना आई मधूनमधून पाणी शिंपडायची आणि वाटण बोटांत घेऊन चोळून बघायची. मिक्सर आला तेव्हा चाळीत प्रत्येकीनं ‘चव गेली’ म्हटलं आणि महिन्याभरात प्रत्येकीनं घेतला. गेली ती चव नव्हे, गेला तो बोटांचा अंदाज. मिक्सरमध्ये घाई केली की पाणी जास्त पडतं, खोबऱ्याचा चोथा राहतो आणि रस्सा दोन भागांत फाटतो. आता बाजारात नारळाचं दूध डब्यात मिळतं, परदेशातली माझी मावसबहीण त्यातच सॅल्मनचं तिखलं करते. चांगलं करते, खोटं कशाला बोलू.

‘खाली-वर विस्तव ठेवून’ असं जुन्या पुस्तकांत येतं, म्हणजे झाकणावरही निखारे. आज त्याचं भाषांतर ओव्हनच्या अंशांत होतं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

मासा मात्र आता घरी तुकड्यांतच येतो. फोनवर मागवायचा, पारदर्शक डबीत स्वच्छ चौकोनी तुकडे, वर वजन छापलेलं. नाव कधी किंगफिश, कधी बासा. बासा हा मूळचा व्हिएतनामकडचा, तळ्यात वाढवलेला गोड्या पाण्यातला मासा. ना काटा, ना वास. लहान मुलं असलेल्या घरात तो उपयोगी आहे हे मी मानते. पण त्याच्या पाककृतीत मसाल्याचे नऊ-दहा जिन्नस का लागतात, हे त्या माशाच्या चवीवरून लगेच समजतं. डबीवर ‘साफ केलेला’ असं छापलेलं असतं, म्हणजे जुन्या पुस्तकातलं ते पहिलं वाक्य कंपनीनं आधीच पुरं केलेलं. काम वाचलं. मला विळीवर बसून खवले काढायची हौस उरलेली नाही, पाठ मोडून आईनं ते वर्षानुवर्षं केलं आणि तिलाही ती हौस नव्हती, नाइलाज होता. घरातला कुणी पुरुष त्या विळीजवळ फिरकल्याचं मला आठवत नाही.

म्हणूनच माझ्या भाच्याचं मला अप्रूप. बंगळुरूत एकटा राहतो, दर रविवारी एक मासा करतो. कधी गोव्याची उडदामेथी, कधी हुमण, कधी काकूंच्या घराण्यातलं भुजणं. ग्रॅममध्ये मोजून, घड्याळ लावून. त्याच्या आजीला ज्या तीन घरांत शिरून तीन कृती शिकता आल्या नसत्या, त्या त्याला एका संध्याकाळी मिळतात. परवा त्याचा फोन आला.

‘मावशी, सगळं मापानं घातलं तरी सुरमईचा रस्सा पांचट का लागतोय?’

‘डोकं घातलंस का?’

‘डोकं कुठून आणू? ते फक्त तुकडे पाठवतात.’

तिथंच सगळं आलं. रस्सा डोक्याचा आणि काट्याचा असतो, तुकडा नुसता त्यात बसलेला पाहुणा. डोकं दोन भाग करून, कल्ले काढून, वाटणात आधी दहा मिनिटं उकळायचं, मग तुकडे सोडायचे. पुस्तकांत हे कुणी लिहिलं नाही, कारण त्या काळी डोक्याशिवाय मासा घरी येतच नव्हता. त्याला म्हटलं, ऑर्डर करताना खाली सूचनेची एक चौकट असते बघ, तिथं लिही: डोकं आणि मधला काटा टाकू नये, वेगळा द्यावा. पुढच्या रविवारी त्यानं लिहिलं, आणि आलं. त्यानंतरच्या रविवारी लिहूनही आलं नाही. हल्ली तो सूचना लिहितो आणि वर दुकानात फोनही करतो. पलीकडच्या मुलाला आता त्याचा आवाज ओळखू येतो, आणि ‘सर, आज सुरमई नको, बांगडा चांगला आहे’ असं तो आपण होऊन सांगतो.