‘का’ विचारण्याआधी

चि. धाकटीस,


बीडच्या ऊसतोड बायकांच्या मुलाखतींसाठी तू केलेला आराखडा वाचला. त्यातला ‘पिशवी काढायचा निर्णय तुम्ही का घेतलात?’ हा प्रश्न काढून टाक, असं माझं स्पष्ट मत आहे; तो गेला की बाकीची मांडणीही बदलावी लागेल. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया झाल्याचं आढळलं. किती जणी, ते या आकड्याने सांगितलं. घरात, टोळीत, दवाखान्यात ही गोष्ट टप्प्याटप्प्याने कशी ठरत गेली, ते आकड्यातून कळत नाही. म्हणून तर तू अर्धसंरचित मुलाखत निवडलीस. पण ‘का’ विचारलंस की बाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते आणि तयार असलेलं उत्तर देते: खाडा परवडत नाही, मुलंबाळं झाली होती, डॉक्टर म्हणाले कॅन्सर होईल. ही उत्तरं खोटी नाहीत. पत्रकारांना आणि अधिकाऱ्यांना देऊन देऊन ती गुळगुळीत झाली आहेत. शिवाय निर्णय तिनेच घेतला, हे तुझ्या प्रश्नाने परस्पर ठरवून टाकलं.

त्याऐवजी घडलेलं विचार. ‘त्रास सुरू झाला तेव्हा तुम्ही कोणत्या कारखान्याला होता?’ इथून सुरुवात कर. आधी कुणाला सांगितलं, दुसऱ्या दिवशी फडात गेलात का, दवाखान्यात सोबत कोण होतं, सोनोग्राफी झाली का, डॉक्टर काय बोलले, पैसे कुठून उभे केले, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली का, ऑपरेशननंतर किती दिवसांनी पुन्हा ऊस तोडायला लागलात. नवरा-बायको मिळून एकच ‘कोयता’ मोजला जातो, त्यामुळे तिचा खाडा पडला की दंड दोघांच्या हिशेबात लागतो. कुणाचा शब्द चालला आणि कुठे तिच्यापुढे पर्यायच उरला नाही, ते या तपशिलांतून दिसेल. सालं आठवणार नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण कारखाना, मुकादम, लेकीचं लग्न यांच्या आधाराने हंगाम बहुधा नक्की करता येतो.

कारण न विचारता कारण कसं कळणार, असं तुझे मार्गदर्शक म्हणतील. मला वाटतं, ते तुलनेतून कळेल. तोच त्रास होऊनही जिची शस्त्रक्रिया झाली नाही, तिलाही याच क्रमाने विचार. तुझ्या यादीत अशी एकही बाई नाही, ही या आराखड्यातली सर्वांत मोठी उणीव आहे. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा लेख दाखवून तू बारा मुलाखती पुरेशा मानल्यास. त्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या साठ मुलाखती तपासल्या होत्या आणि बाराचा निष्कर्ष बऱ्याच अंशी एकसारख्या गटापुरता काढला होता. तुझे गट दोन झाले, तर बारात भागणार नाही. प्रत्येकीला वेगळ्या शब्दांत विचारलं तर तुलना कशी करायची, हा दुसरा आक्षेप. विषय सगळीकडे तेच ठेव, शब्द आणि क्रम तिच्या बोलण्याप्रमाणे बदलू दे. ‘का’सुद्धा शेवटी येऊ शकतो, पण तिने स्वतः सांगितलेल्या एखाद्या वळणाबद्दलच.

आता मुलाखतीआधीच्या तयारीबद्दल. समाजशास्त्रज्ञ मर्टन आणि पॅट्रिशिया केंडल यांनी १९४६ मध्ये केंद्रित मुलाखतीची पद्धत मांडली. माणूस ज्या प्रसंगातून गेला, त्याचा अभ्यास संशोधकाने आधीच केलेला असावा, ही त्यांची अट होती. तुझ्यासाठी याचा अर्थ असा, की उचल कशी फिटते, गाडी रात्री कोण भरतं, कोपीजवळ, म्हणजे त्यांच्या हंगामी झोपडीजवळ, पाणी आणि आडोसा असतो का, हे माहीत करून घेऊनच बाईसमोर बस. हंगामात कोपीवर जाऊ नकोस. तिथे तिला ना उसंत, ना एकांत. दसऱ्याआधी गावात गाठ, नवरा घरी नसताना. संमतीच्या कागदावर अंगठा मागितलास तर तो उचलीचा कागद वाटू शकतो, म्हणून विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडून तोंडी संमतीची परवानगी आत्ताच घे. पहिल्या दोन मुलाखती झाल्या की थांब, शब्दन् शब्द उतरवून काढ, आणि कोणत्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर आलं त्यावर खुणा करून आराखडा मला परत पाठव.

तुझी,
मोठी मावशी