हौसिंगवरचं टोपण

मागच्या डाव्या चाकाच्या आतून ऑइल गळतंय म्हणजे ऑइल सील गेलं, हे मी इतकं पक्कं धरून चाललो होतो की दुसरं काही कारण असेल असं कधी मनातच आलं नाही. आमची पिकअप साडेतीन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली आहे. ओतूरच्या शिवारातला टोमॅटो, कांदा, कोबी भरायचा, माळशेज उतरून कल्याण नाही तर वाशी गाठायची आणि रिकामे कॅरेट घेऊन परत वर चढायचं, यातच तिचं आयुष्य गेलं. एवढ्या फिरलेल्या गाडीची सीलं जायचीच, असं म्हणून मी मोकळा होत असे.

गाडी जुनी झाली तशी तिची बरीचशी कामं मी स्वतः करू लागलो. त्याचा मला पश्चात्ताप नाही. टोमॅटोचा बाजार पडला की वीस किलोच्या कॅरेटमागे तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नाही, अशा दिवसांत गॅरेजचं बिल कुठून भरायचं? आणि पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ज्या गाडीवर घर चालतं तिच्या पोटात काय आहे हे मालकाला कळायला हवं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. चूक पाना हातात घेण्यात नव्हती. दिसेल तो पार्ट बदलायचा आणि तो का गेला हे विचारायचंच नाही, ही माझी सवय होती. तिथे मी चुकलो.

सुरुवातीच्या चुका इंजिनाच्या होत्या. जुनं इंजिन ऑइल पितं, म्हणून जरा जास्तच टाकलेलं बरं, असं समजून मी काडीवरच्या वरच्या खुणेच्याही वर ऑइल भरत असे. खूण ओलांडली की क्रँक त्या ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो, आतला दाब वाढतो आणि ऑइल वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. मला ते गळताना दिसे आणि कमी झालं म्हणून मी आणखी ओतत असे. एअर फिल्टरचंही तसंच. पंक्चरवाल्याकडे बाहेरच्या बाजूने जोरात हवा मारून मी तो स्वच्छ करून घेत असे. बाहेरून हवा मारली की धूळ कागदात आणखी खोल जाते आणि कागद फाटला तर तीच धूळ थेट इंजिनात शिरते. हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर आणि हळू मारायची. हे मला उशिरा समजलं.

जॅकचं मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही. आमचं अंगण मातीचं आहे. पावसाळ्यात ते वरून कडक वाटतं, आतून मऊ असतं. मी नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरत होतो. जॅकखाली फळी नाही, चेसिसला ठोकळा नाही, दुसऱ्या चाकांना उटी नाही. एका दुपारी जॅक एका अंगाला कलला आणि गाडी ड्रमवर बसली. त्या क्षणी मी पडवीत सतरा नंबरचा पाना शोधत होतो. गाडीला काही झालं नाही, मलाही झालं नाही, आणि त्यामुळेच त्या गोष्टीचा मी जेवढा विचार करायला हवा होता तेवढा केला नाही. आज कुणी पोरगा नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली सरकताना दिसला तर ओळखीचा असो नसो, मी त्याला पाय धरून बाहेर ओढतो.

आता त्या चाकाचं. ड्रम काढला तेव्हा ब्रेकचे लायनर काळे, ओलसर दिसत होते आणि ड्रमच्या कडेला गिअर ऑइलचा तो उग्र वास होता, जो हाताला लागला की दोन दिवस जात नाही. एक्सल ओढून काढला, जुनं सील उचकटलं, नवं बसवलं. बसवताना स्क्रू ड्रायव्हर टेकवून एकेका बाजूने हातोडी मारली. त्याने सील तिरकं बसतं. ते चारी बाजूंनी सारखं आत जायला हवं, बारीक स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे हवी आणि ओठाला आधी थोडं तेल लावलेलं हवं. त्यावर आणखी एक केलं. गाडी एका अंगाने जॅकवर असतानाच हौसिंगमध्ये तेल भरलं. भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल, हे माप गाडी सपाट उभी असतानाच खरं असतं. मी तिरक्या गाडीत ते भोकातून ओघळेपर्यंत भरलं.

गळती पुन्हा सुरू झाली. सील हलक्या प्रतीचं निघालं असेल म्हणून मी महागातलं आणलं. तेही थोडे दिवस टिकलं.

लायनरचं मी जे केलं ते या सगळ्यात वाईट. तेल प्यायलेले लायनर मी पेट्रोलने धुतले, पॉलिश पेपरने घासले, उन्हात वाळवले आणि परत बसवले. वरून ते अगदी नव्यासारखे दिसत होते. पण लायनरमध्ये मुरलेलं तेल धुऊन निघत नाही. ड्रम तापला की ते पुन्हा वर येतं. बदलायचे तर दोन्ही चाकांचे बदलावे लागतात, नाही तर एका अंगाचा ब्रेक धरतो आणि दुसऱ्या अंगाचा सुटतो. दोन चाकांच्या लायनरचे पैसे वाचवावेत म्हणून मी हे केलं. नुकतंच गाडीचं पासिंग झालं होतं. आठ वर्षं उलटलेल्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी करावं लागतं. तो कागद खिशात असल्यामुळे ब्रेक ठीकच आहेत असं मी स्वतःला समजावलं. पासिंग त्या दिवसापुरतं असतं, सील त्यानंतर पुन्हा गळत होतं आणि हे मला डोळ्यांनी दिसत होतं.

याच काळात ब्रेक ऑइल कमी झालेलं दिसलं म्हणून पडवीतल्या अर्धवट डब्यातलं ओतलं. तो डबा पावसाळाभर सैल झाकणाने पडून होता. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि ओल शिरली की त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीचं कोरडं ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा मापदंड आहे. ओल धरलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १४० आहे. डब्यात कोरं आणि नितळ दिसतं म्हणून ते चांगलं आहे असं होत नाही.

पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने आम्ही घाटाच्या तोंडाशी आलो तेव्हा अजून उजाडायचं होतं. मागे टोमॅटो खचाखच भरलेला आणि शेजारी माझा पुतण्या. उतारावर मी गाडी वरच्या गिअरमध्येच ठेवली होती आणि वेग ब्रेकवर सांभाळत होतो. ही माझी नेहमीची पद्धत, आणि तीही चूकच. भरल्या गाडीने घाट चढताना जो गिअर लागतो साधारण त्याच गिअरमध्ये उतरावं, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. अर्ध्यावर जळका वास आला. नंतर पेडल मऊ लागलं. त्यानंतरच्या वळणाआधी ते जवळजवळ तळाला गेलं. ऑइल उकळून त्याची वाफ झाली होती आणि वाफ दबते, दाब पुढे पोचवत नाही. हँडब्रेक ओढला. पण हँडब्रेक काम करतो तो मागच्याच चाकांवर, त्याच तेलकट लायनरवर. पुतण्या एवढंच म्हणाला, "काका, समोर एसटी आहे."

मी भराभर पेडल मारत एकेक गिअर खाली पाडला. दुसऱ्यात गाडी किंचाळली पण धरली गेली. एसटीच्या मागे थोडं अंतर राखून डोंगराच्या अंगाला गटारात चाक घातलं तेव्हा ती थांबली. एसटीत माणसं होती. त्यांतल्या कुणालाही माझ्या पडवीतल्या त्या डब्याशी काही देणंघेणं नव्हतं. या जागी येऊन माझं लिहिणं आजही अडतं.

ब्रेक गार झाल्यावर पेडल पुन्हा कडक लागलं. हे सगळ्यांत फसवं. तेवढ्यावर विसंबून न राहता पहिल्या गिअरमध्ये रांगत आम्ही मोरोशीपर्यंत उतरलो, गावाकडून दुसरी गाडी बोलावून माल पुढे पाठवला आणि मुरबाडहून मेस्त्रींना आणलं.

त्यांनी आधी चाक खोललंच नाही. मागून खाली वाकले, हौसिंगच्या वरच्या अंगाला हात घातला आणि बोटांनी काहीतरी चाचपलं. मला म्हणाले, "ये, हात लाव." तिथे बोटाच्या पेरापेक्षा लहान एक लोखंडी टोपण होतं. त्यावर तेल आणि लाल माती यांचा थर बसून दगड झाला होता. "हे हलायला पाहिजे. फिरतंय का?"

फिरत नव्हतं. त्याचं नाव ब्रीदर. गाडी चालली की हौसिंगमधलं तेल तापतं, आतली हवा फुगते आणि ती या टोपणातून बाहेर पडते. टोपण बुजलं की हवा कोंडते आणि तेलाला सीलच्या ओठातून बाहेर ढकलते. त्यात मी तेलही जास्त भरून ठेवलेलं.

"सील कितीदा बदललंस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"सीलांचा दोष नव्हता रे. तू दाब कोंडून ठेवलास आणि सीलं मारत बसलास."

चिंधी, घासलेट आणि बारीक तार, एवढ्यात ब्रीदर मोकळा झाला. सील त्यांनी सपाट ठेपा देऊन माझ्याकडूनच बसवून घेतलं. दोन्ही चाकांचे लायनर नवे घातले, जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून सीलबंद डब्यातलं भरलं आणि चारी चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली. ते चाक त्यानंतर कोरडं आहे.

इंजिन ऑइल, फिल्टर, ग्रीसिंग मी अजूनही घरीच करतो. ग्रीस गन घेऊन खाली शिरलो की पाट्यांच्या पिना आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांच्याबरोबर ते टोपणही फिरवून पाहतो. पुतण्याला हे काम शिकवलंय, आणि कुठे तेल दिसलं तर पाना घेण्याआधी ते कुठून आणि का आलं हे त्याने मला सांगायचं, असं ठरवलंय. ब्रेकचं काम आम्ही खोलतो, पण मेस्त्रींनी पाहिल्याशिवाय गाडी भरत नाही. लायनर संपले आणि पैसे नसले तर गाडी उभी राहते. गेल्या हंगामात ऐन तोडणीत तसं झालं. माल भाड्याच्या गाडीने वाशीला गेला आणि भाडं, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी आली तेव्हा हातात फार थोडं उरलं. घरात त्यावरून बोलणी झाली. लायनर पुढच्या पट्टीच्या पैशातून आणले, दोन्ही चाकांचे.