धरणावरचे आबा

आमच्या आबांना शेवटची काही वर्षं ऐकू कमी यायचं. तीस वर्षं डोझर आणि रोलरच्या आवाजात गेलेली. ओट्यावर बसून ते साधंच बोलायचे, पण इतकं मोठ्यानं की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, म्हातारा भांडतोय.

जुन्नर-आंबेगावात कुकडी प्रकल्पाची पाच धरणं : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. बहात्तरच्या दुष्काळात आबा येडगावच्या मातीकामावर मजूर म्हणून लागले. पुढं रोलर शिकले, मग डोझर, आणि डिंभ्याच्या कामावर ऑपरेटर होते तेव्हाच हातपाय थकले.

मातीचं धरण कसं बांधतात ते त्यांनी मला शेतात बसून सांगितलं होतं. पोटात चिकट काळी माती, दोन्ही अंगांनी मुरूम, पाण्याकडच्या बाजूला दगडाचं पिचिंग. थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग दुसरा थर. माती किती ओली हवी? आबा मूठभर उचलून दाबायचे. "फुटली तर कोरडी, हाताला चिकटली तर जादा ओली. लाडू झाला की फिरव गाडी."

कुकडीचं पाणी पार करमाळ्यापर्यंत जातं, हे सांगताना त्यांची छाती फुगायची. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट दिसले की म्हणायचे, "यात आपली पण मजुरी हाय."

पण डिंभ्याचं नाव ते आपणहून काढत नसत. माझी आत्या जुन्या आंबेगावात दिलेली. ज्या गावाच्या नावानं तालुका ओळखला जातो, तेच गाव डिंभ्याच्या पाण्यात गेलं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव मिळालं. आत्याचं घर वर डोंगराच्या कडेला सरकलं. कालवा धरणाच्या खालच्या अंगाला निघतो; वरच्या माणसाला पाणी उशाशी आणि रान कोरडं.

त्या साली भाऊबीजेला ओवाळताना आत्या एवढंच म्हणाली, "दादा, तुझ्याच हातानं बुडवलंस रे." आबा ताटात ओवाळणी टाकून उठले. पुढच्या दिवाळीला ती आली नाही. आबाच साडी घेऊन तिच्या दारात गेले. तीही घेतली, पण बोलणं नाही.

मग एका उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं आणि आत्याचा निरोप आला, "गाव उघडं पडलंय. दादाला घेऊन ये."

मी दोघांना हाताला धरून खाली उतरवलं. भेगाळलेला गाळ, देवळाचे दगड, घरांची जोती. आत्या न चुकता आपल्या जोत्यापाशी जाऊन उभी राहिली. "ही चूल. हितं दावण होती."

आबा खाली वाकले. सवयीनं मूठभर माती उचलली, दाबली, मूठ उघडली. लाडू झाला होता.

"चांगली माती होती गं," ते म्हणाले. नेहमीसारखंच, मोठ्यानं. समोरच्या डोंगरापर्यंत गेलं असेल.

"व्हती," आत्या म्हणाली. आणि पदराची भाकरी सोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी हात धुतले नाहीत.